साधी गाठ

डॉक्टर म्हणाले, "गाठ साधी आहे, कॅन्सर नाही," आणि आम्ही तिथंच ऐकणं बंद केलं. आईचं डोकं सारखं दुखायचं म्हणून एमआरआय केला होता. डॉक्टर पुढंही बोलत होते, सहा महिन्यांनी पुन्हा तपासा, नजरेवर लक्ष ठेवा. मला मेलीला कुठलं ऐकू येतंय! मी बाहेर येऊन भावाला फोन लावला, नाशकातूनच पेढे घेतले आणि देवळाली कॅम्पात आमच्या गल्लीभर वाटले.

सहा महिने गेले, वर्ष गेलं. आई साड्यांना फॉल लावून द्यायची. फौजींच्या बायका तिच्याशिवाय कुणाकडं जायच्या नाहीत. मग तिचा टाका वाकडा जायला लागला. चष्म्याचा नंबर बदलला, दोनदा बदलला. ती चौकटीला खांदा आपटायची, शेजारी ठेवलेला चहा लवंडायची आणि मी तिच्यावर खेकसायचे, "नीट बघून चाल की गं! लक्ष कुठं असतं तुझं?"

एकदा ती हळूच म्हणाली, "बाजूचं दिसतच नाही गं मला."

त्याच डॉक्टरांकडं धावलो. "साधी म्हणजे शरीरात पसरत नाही, एवढंच," ते म्हणाले. "जागच्या जागी वाढते की. आणि कवटीत जागा कुठंय? डोळ्यांच्या नसा दाबल्या गेल्यात." ऑपरेशन लगेच करायचं ठरलं. गेलेली नजर परत येईलच, असं ते म्हणेनात. मी अक्षरशः त्यांचे पाय धरले. म्हटलं, एक डोळा तरी वाचवा हो, माझा काढून लावा हवं तर. असं काही होत नसतं, हे मलाही कळत होतं.

ऑपरेशननंतर आठवड्यानं गाठीचा रिपोर्ट आला. मी डॉक्टरांना भेटून खाटेपाशी आले. आईच्या डोक्याला पट्टी होती, डोळे उघडे होते.

"काय निघालं गं?"

"साधीच होती, आई."

"ते झालं. पुढं काय म्हणाले? या वेळी पुढचं ऐकलंस ना?"

ऐकलं होतं, शब्द न् शब्द ऐकला होता. दोन्ही डोळ्यांच्या नसा गेल्यात, आता नजर येणार नाही. आई मान वळवून, मी नव्हते त्या बाजूला बघत, उत्तराची वाट पाहत होती.