मोठ्यानं विचारणारा माणूस

निजामपुऱ्यात आमच्या विमा एजंटचं ऑफिस पॉवरलूमच्या कारखान्यावर आहे. त्या खडखडाटात बसून त्याला ओरडून बोलायची सवय लागलीय. माणसाचे आजारही तो अख्ख्या गल्लीला ऐकू जातील असे विचारतो.

लेकीच्या बाळंतपणाला दुबईला जायचं होतं, म्हणून आम्ही दोघं प्रवास विमा काढायला गेलो. "काकी, हार्ट, शुगर, कुछ है क्या?" तो ओरडला. बायकोची बायपास सांगितली तर विमा नाकारतील, या भीतीनं मीच म्हणालो, "काही नाही." रिक्षात तिलाही मी तेच पढवलं होतं. तिनंही माझ्याकडे बघत नकारार्थी मान हलवली.

त्यानं पेन खाली ठेवलं, खुर्ची तिच्याजवळ ओढून तिच्या कानाशी झुकला आणि मी प्रथमच त्याला हळू बोलताना ऐकलं. "काकी, लपवून गेलात आणि तिकडं छातीत दुखलं, तर कंपनी हात वर करणार. काकांकडे बघू नका. मला सांगा."

"बायपास झालीय," ती म्हणाली.

"मग फॉर्मात तसंच टाकतो. एक कंपनी नाही म्हणाली तर दुसरी बघू."

विमा मिळेल की नाही, अजून कळायचंय. त्या दिवशी जिना उतरताना मी हात पुढे केला, तर तिनं कठडा धरला.