वाटीवरचं नाव

नवऱ्याचं नाव मी उखाण्याशिवाय घेत नाही, पण हे सगळं सांगायचं तर घ्यावंच लागेल. भिमाजी. मखमलाबादला दोन एकर जमीन, तीत मेथी, कोथिंबीर, बांधाला झेंडू आणि दारात एक तीनचाकी टेम्पो. माणूस मनानं फार चांगला, पण घाई इतकी की विचारू नका. मेथी एकदा उपटली की सुकायच्या आत लिलावाला पोचली पाहिजे, एवढं एकच त्यांना कळतं. जेवायला बसले तरी एक पाय चपलेत.

ह्या घाईपायीच आमच्या घरात सहा वर्षं अबोला होता.

आमच्या थोरल्याचं, समर्थचं बारसं होतं. बाळाचं नाव आत्यानं ठेवायचं, तो तिचा मान. ह्यांची थोरली बहीण लंकाअक्का सकाळीच नांदगावहून निघाली होती. पण लासलगावला कांद्याच्या ट्रॅक्टरांची ही भलीमोठी रांग, एसटी दोन तास जागची हलेना. इकडे पाळणा सजलेला, बायका जमलेल्या आणि अंगणात मेथीच्या जुड्या उन्हानं मान टाकायला लागलेल्या. हे एकदा रस्त्याकडे बघायचे, एकदा मेथीकडे. शेवटी म्हणाले, उरका. शेजारच्या रंगूबाईंनी बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि हे टेम्पो घेऊन पसार.

अर्ध्या तासानं अक्का दारात. हातात झबलं-टोपडं, अंग घामानं भिजलेलं. बायकांच्या हातात घुगऱ्या बघून समजायचं ते समजली. झबलं पाळण्यात ठेवलं, पाण्याच्या तांब्याला हात लावला नाही. जाताना मला एवढंच म्हणाली, "मेथीपेक्षा हलकी झाले गं मी."

संध्याकाळी ते वाक्य मी ह्यांना जसंच्या तसं सांगितलं. त्या दिवशी जेवले नाहीत. माझ्या जिवाला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग चार-पाच वर्षांनी मुलगी झाली. आता ह्यांनी दुसरं टोक गाठलं. म्हणे, अक्का आल्याशिवाय पोरीचं नाव ठेवायचं नाही. मी म्हटलं, मग बोलवा की. तर म्हणे, कुठल्या तोंडानं बोलवू? मुलगी झाली म्हणून एक चिठ्ठी तेवढी टाकली आणि बसले वाट बघत. बारावा दिवस गेला, बारा महिने गेले. पोरीला सगळे नुसतं बाळी म्हणायचे. पोलिओच्या डोसाला नर्सबाई दर वेळी नाव विचारायच्या आणि मी दर वेळी खोकायचे. एकदा वैतागून म्हटलं, लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा बाळीच छापा आता. हे हसले नाहीत.

दोन हजार दोनच्या मे महिन्यात अक्काच्या मालकांचा, मल्हारीदाजींचा फोन आला. तोही रंगूबाईंच्याच घरी, कारण गल्लीत फोन त्यांच्याकडेच. पोरांना नाशिक बघायचं आहे, मी तिघांना एसटीत बसवून देतो, तुम्ही उतरवून घ्या, असं दाजी म्हणाले. ह्यांनी फोन ठेवला आणि टेम्पो धुवायला घेतला. तीनदा धुतला. तरी मेथीचा वास काही गेला नाही.

अक्का उतरली ती तोंड घट्ट मिटून. बरोबर पाचवी पास झालेली सुवर्णा आणि सात वर्षांचा साई. पहिलं वाक्य काय, तर परवा चारच्या गाडीनं निघायचं आहे. घरी पाणी घेतलं, तेवढ्यावर मी देवाला हात जोडले.

ह्यांनी मला आधीच दम भरला होता, नावाचा विषय काढायचा नाही. विषय आपण काढला तर तिला वाटेल, पोरीला पुढं करून माफी मागतायत. ती आपण होऊन विचारील. आता अक्का कसली विचारते! तिनं गृहीतच धरलं होतं की याही खेपेला कुणा रंगूबाईनं उरकून टाकलं असणार. बाळीला ती नुसतं "ही" म्हणायची. ही रांगत गेली आणि हिनं तिचा पदर धरला की मांडीवर घ्यायची, पण बघायची भलतीकडेच. मी मात्र स्वयंपाकघरातून पाहिलं, कोणी नाही असं बघून तिनं पोरीच्या टाळूचा वास घेतला. माझ्या हातातली पोळी करपली.

दुसऱ्या दिवशी पांडवलेणी. हे गेली पंचवीस वर्षं रोज नाशकात जातात, पण बाजार समितीच्या पुढचं नाशिक त्यांनीही धड पाहिलेलं नाही. तरी थाट बघावा. टेम्पोत क्रेट उलटे टाकून आम्हाला ओळीनं बसवलं. ऊन लागायला लागलं तसं गाडी थांबवून पोरांच्या डोक्यावर ओलं गोणपाट टाकलं आणि वरून पाणी शिंपडलं, भाजीवर शिंपडतात तसंच. पोरं खिदळायला लागली. साई म्हणाला, मामा, आम्हाला पण लिलावाला नेणार का? वर पोचल्यावर ह्यांनी छाती फुगवून सांगितलं की ही लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली. सुवर्णानं तिथला फलक वाचून दाखवला, की ती बौद्ध भिक्खूंची आहेत. हे फलकाकडे बघत म्हणाले, मग त्यांनी चांगला वेळ घेऊन कोरली असणार. अक्काच्या ओठाचा कोपरा हलला. मी पाहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मेथी उपटलेली होतीच. ती टेम्पोत एका बाजूला, आम्ही दुसऱ्या बाजूला. पंचवटी दाखवायची, चारला अक्काला गाडीत बसवायचं आणि हे तसेच लिलावाला जाणार, असं ठरलं. रामकुंडावर पाय बुडवले, काळाराम पाहिला आणि सीतागुंफेत शिरलो. तिथं वाट एवढीशी, बसून सरकत जावं लागतं. आमचे हे मध्येच अडकले. पुढून मी ओढतेय, मागून साई ढकलतोय, मागची रांग ओरडतेय. आतून ह्यांचा आवाज, घाई करू नका! ह्यांच्या तोंडी हे वाक्य ऐकून पलीकडे उभी असलेली अक्का अशी हसली, अशी हसली की भिंतीला टेकून खालीच बसली. सहा वर्षांनी ते हसू ऐकलं मी. पण घड्याळात दोन वाजून गेले होते आणि नावाचा अजून पत्ता नव्हता. आज अक्का गाडीत बसली की पोर जन्मभर बाळीच राहणार.

तेवढ्यात अक्का म्हणाली, भांडीबाजारात चला. हिच्यासाठी मी काही आणलं नाही, आत्यानं निदान एक वाटी तरी द्यावी.

तिनं वाटी निवडायला अर्धा तास लावला. ही हलकी, ती पत्र्याची, हिचा काठ बोचरा. शेवटी एक जाड पितळी वाटी पसंत पडली. दुकानाच्या पायरीवर भांड्यांवर नाव टाकणारा माणूस बसला होता. त्यानं वाटी मांडीवर घेतली, मशीन सुरू केलं आणि मान वर न करता विचारलं, "नाव काय टाकायचं?"

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे आपल्या चपलांकडे बघत उभे. मशीन नुसतंच टर्रर्र वाजत राहिलं. अक्काचा चेहरा पडला. तिला वाटलं, तिच्यापुढं सांगायची आम्हाला लाज वाटतेय.

"तिला नावच नाहीये," समर्थ म्हणाला. "पप्पा म्हणतात, आत्या ठेवील तेव्हा."

अक्कानं आधी बाळीकडे पाहिलं. मग भावाकडे वळून हळूच म्हणाली, "चौदा महिने, भिमा?"

"मागच्या खेपेला घाई केली होती, अक्का," हे म्हणाले. "या खेपेला नाही केली."

एवढंच बोलले. चौदा महिन्यांत मला एवढंसुद्धा सांगितलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

अक्कानं बाळीला माझ्या कडेवरून घेतलं. म्हणाली, तुमची चिठ्ठी आली त्याच दिवशी नाव काढून ठेवलं होतं. बोलावणं आलं नाही, म्हणून मनातच राहिलं. आणि तिथंच, भर भांडीबाजारात, गिऱ्हाइकांच्या गर्दीत तिनं पोरीच्या कानाला तोंड लावून कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. मंजुषा.

आता आत्यानं नाव सांगितलं की बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपके घालायचे, ही आमची रीत. तिथं बाई मी एकटीच. मी पदर खोचला आणि सहा वर्षांचे एकदम घातले. सुवर्णा आणि समर्थनंही हात धुऊन घेतले. अक्का हसत होती की रडत होती, कोण जाणे. दुकानदारानं आतून गूळ आणून सगळ्यांच्या हातावर ठेवला.

मशीनवाला नाव कोरायला लागला. खाली "आत्याकडून" असंही टाक, आणि ते मोठं टाक, असं अक्कानं बजावलं. मग तिला एकदम आठवण झाली. टेम्पोकडे बघून म्हणाली, "भिमा, मेथी सुकंल रे. लिलावाला जा तू. मला रिक्षा करून दे."

आमचे हे त्या पायरीवर ऐसपैस बसले. चपला काढून बाजूला ठेवल्या.

"सुकू दे," म्हणाले.

चारची गाडी गेली. अक्का आणखी पाच दिवस राहिली आणि पाचही दिवस आम्ही मेथी खाल्ली.