श्रुतिकाचा क्लीनर

श्रुतिका परबने ट्रक शिकायचं ठरवलं तेव्हा ती एकतीस वर्षांची होती आणि मी तेवीसची. दहिसरला आम्ही एकाच चाळीत राहतो. तिचं दार माझ्या दारासमोर. एका दुपारी ती हातात एक पुस्तिका घेऊन आली. आत रस्त्यावरच्या खुणांची चित्रं होती.

"गंधाली, तू मराठी घेऊन बीए केलंस ना? मग हे मला विचार. वाचलं की येतं, कोणी विचारलं की जातं."

मला वाटलं स्कूटरसाठी असेल. ती म्हणाली, ट्रक. मी हसले. ती हसली नाही.

"नितेश पण शिकतोय," ती म्हणाली. "दोघं मिळून चालवणार."

नितेश तिचा नवरा. बोरिवलीच्या एका ऑफिसच्या इमारतीत गेटवर वॉचमन, कायमची रात्रपाळी. श्रुतिका एका ठेकेदाराच्या बसवर कंडक्टर होती, पहाटेची पहिली पाळी. तो सकाळी आठला घरी यायचा तेव्हा ती बसवर असायची. ती दुपारी परतायची तेव्हा तो झोपलेला असायचा. पाचला उठायचा, सातला निघायचा. दोघं जागे, एकाच खोलीत, दिवसाचे दोन तास. त्यातला एक पाणी भरण्यात जायचा. सुट्टीचे वारही वेगळे. फ्रीजच्या दारावर चिठ्ठ्या असायच्या. एक मी वाचली होती. 'डाळ संपली. मी बरा आहे.' अशी सात वर्षं गेली. मूल नाही. त्याबद्दल ती बोलत नाही, मी विचारत नाही.

दोघांकडे छोट्या गाडीचं लायसन्स होतं, गाडी नव्हती. नितेशला कधीतरी टेम्पो चालवायचा होता म्हणून तो तेव्हा ड्रायव्हिंगच्या क्लासला गेला. श्रुतिका गेली कारण क्लासच्या वेळी तो जागा असायचा.

मग ठेकेदाराचं कंत्राट संपलं आणि तिची नोकरी गेली. काही दिवस ती नलिनीबेनकडे कागद लावायला जाऊ लागली. नलिनीबेनचं चेक नाक्याजवळ ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. नवरा गेल्यापासून आठ ट्रक त्याच सांभाळतात. एकदा बोलता बोलता त्या म्हणाल्या की लांबच्या गाडीवर दोन ड्रायव्हर लागतात, आणि नवरा-बायकोची जोडी मिळाली तर आपण डोळे मिटून देऊ, कारण असे लोक गाडी घरासारखी ठेवतात. इंदूरची एक गाडी दिवाळीनंतर सुरू होणार होती. श्रुतिका तशीच घरी आली आणि झोपलेल्या नितेशला तिने उठवलं. सात वर्षांत पहिल्यांदा.

एक गाडी, एक केबिन, दोघं. एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी दिवाळीच्या आत दोघांनाही जड वाहनाचं लायसन्स मिळायला हवं होतं. एकाला मिळून उपयोग नव्हता.

शिकवायला चंद्रप्रकाश उस्ताद मिळाले. मूळचे जौनपूरचे, चाळीस वर्षं दहिसरात. नाक्यामागच्या मैदानात त्यांचा जुना ट्रक आणि एक खाट असे. खाटेवर बसून ते शिकवत. नितेश रात्रपाळीहून थेट मैदानात यायचा, डोळे लाल. श्रुतिका घरून उशी घेऊन जायची. उशी पाठीशी लावल्याशिवाय तिचा पाय क्लचपर्यंत नीट पोचत नव्हता. क्लच दाबायला अख्खी कंबर लागते, असं ती सांगायची. बाजूच्या टपरीवर चहा पिणारे ड्रायव्हर तिला तिकीट मागायचे. ती खिडकीतून सांगायची, सुट्टे काढून ठेवा.

एका रविवारी मी बघायला गेले. त्या दिवशी रिव्हर्स होता.

ट्रक मागे घेताना ड्रायव्हरला मागचं धड दिसत नाही. खाली उभा असलेला माणूस गाडीच्या अंगावर हाताने थाप मारून सांगतो. उस्तादांची रीत ठरलेली होती. सुटी एकेक थाप म्हणजे येऊ दे. लागोपाठ दोन म्हणजे थांब. नितेश मागे उभा राहिला. थाप. ट्रक सरकला. थाप. आणखी सरकला. उस्ताद चहा आणायला खाटेवरून उठले होते. ट्रक खाटेच्या जवळ आला आणि नितेशने जोरात दोन थापा मारल्या.

ट्रक थांबला नाही. उलट वेगाने मागे आला. नितेशने पुन्हा दोन मारल्या. ट्रक आणखी जोरात आला. खाटेचे दोन पाय मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग कुठे ब्रेक लागला.

श्रुतिका खाली उतरली. खाटेकडे बघितलं, मग नितेशकडे. तो वेळेवर बाजूला झाला होता, पण पांढरा पडला होता.

"दोन मारल्या ना मी," तो म्हणाला.

"दोन मारल्यास म्हणूनच गेले ना," ती म्हणाली.

तेव्हा आम्हाला कळलं. बसमध्ये एक घंटी म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल. तिने सात वर्षं दिवसाला शेकडो वेळा ती घंटी वाजवली होती. दोन आवाज कानावर पडले की तिच्या अंगात गाडी सुटायची.

नितेश म्हणाला, मग मी उलटं करतो, तुझ्या बसचं करतो. उस्तादांनी नाही म्हटलं. मोडकी खाट उभी करत ते म्हणाले, "गोदामात नवरा नसतो मागे. हमाल असतो. तो त्याच्या पद्धतीने मारणार. तू बदल."

मग जे सुरू झालं ते मी समोरच्या दारातून बघितलं. नितेश घरात कुठेही, केव्हाही थापा मारायचा. कपाटावर, ओट्यावर, दारावर. दोन थापा पडल्या की श्रुतिकाने असेल तिथे थांबायचं. लाटणं हातात, पोळी अर्धी. केसांत कंगवा अडकलेला. एकदा ती पाण्याची कळशी घेऊन जिना चढत होती. खालून दोन थापा आल्या. ती एक पाय वर ठेवून उभी राहिली, मागे चार बायका हंडे घेऊन खोळंबल्या आणि त्यांनी नितेशला जे सुनावलं ते मी लिहीत नाही. त्याची झोप रोज तास-दीड तासाने कमी झाली. तो तक्रार करत नव्हता. पाच वाजता उठणारा माणूस साडेतीनला उठून ओट्यावर थापा मारत होता आणि दोघं हसत होती. त्या घरातून दुपारचं हसणं मी आधी ऐकलं नव्हतं.

परीक्षा ऑक्टोबरच्या शेवटी झाली. मी सोबत गेले. श्रुतिकाचा नंबर आधी होता. तोंडी प्रश्नांना तिने इतकी भराभर उत्तरं दिली की आरटीओच्या साहेबांनी एकदा मान वर करून बघितलं. मग चढ, वळण, शेवटी रिव्हर्स. मागे एक अनोळखी माणूस उभा होता. ट्रक मागे येत होता आणि त्याने सहज, फारसा जोर न लावता, पत्र्यावर दोन थापा मारल्या. ट्रक जागच्या जागी थांबला.  

मग नितेश. त्याचं रिव्हर्स उत्तम झालं, वळणही. चढावर तो अर्ध्यात होता तेव्हा बाजूच्या वाटेने एक पांढरी गाडी आली. आत कोण होतं कुणास ठाऊक. नितेशने ब्रेक दाबला, गाडीला हाताने आधी जा म्हणून सांगितलं आणि खिडकीतून गेटवर ठोकायचा तसा सलाम ठोकला. इंजिन बंद पडलं. ट्रक चढावरून मागे घसरत आला. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचा नंबर पुकारला.

परतताना रिक्षा केली. मग नितेश म्हणाला, "हात आपोआप वर गेला गं."

"माहीत आहे," श्रुतिका म्हणाली. खाट आठवत असणार.

परीक्षा पुन्हा देता येते. पण त्याला मिळालेली तारीख जानेवारीतली होती, आणि नलिनीबेनची इंदूरची गाडी दिवाळीनंतर निघणारच होती. आम्ही त्यांच्या ऑफिसात गेलो. मी का गेले मला माहीत नाही. कोणी जाऊ नको म्हटलं नाही. नितेशने गेटच्या नोकरीचा राजीनामा आधीच दिला होता.

नलिनीबेनने सगळं शांतपणे ऐकलं. त्या म्हणाल्या, श्रुतिकाला मी घेते. रतनभाई जुना माणूस आहे, स्वभावाने बापासारखा. त्याच्याबरोबर इंदूर कर, शिकशील. नितेशचं लायसन्स झालं की बघू. त्यांच्या बाजूने ते चांगलंच बोलणं होतं. पगारही चांगला सांगितला.

श्रुतिका टेबलावरच्या काचेकडे बघत होती. नितेशच आधी बोलला.

"तू जा. संधी सोडू नको. मी येतो मागून."

"सात वर्षं मागूनच येतोयस," ती म्हणाली.

  मला तिथून उठून जावंसं वाटत होतं आणि उठवत नव्हतं.

मग श्रुतिकाने नलिनीबेनना विचारलं की रोज जाऊन रोज परत येणारी एखादी फेरी आहे का. त्या म्हणाल्या, आहे, भिवंडीच्या गोदामाची, पण पैसे कमी, आणि लायसन्सवाली माणसं ती घेत नाहीत.

"त्या गाडीला क्लीनर लागतो ना?"

"लागतो."

"मग हा आहे."

नलिनीबेनने नितेशकडे बघितलं. बायकोच्या गाडीवर क्लीनर. नाक्यावर काय काय बोललं जाईल ते त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. काच पुसायची, टायर बघायचे, मागे उभं राहून थापा मारायच्या, आणि टपरीवर चहा आणायला बायकोने पाठवायचं.  नितेश घरात मालवणी फार कमी बोलतो. पण तेव्हा तेच आलं.

"माका चलात," तो म्हणाला.

नाक्यावर बोललं गेलंच. पहिल्या आठवड्यात ड्रायव्हर त्याला वहिनींचा क्लीनर म्हणायचे. तो म्हणायचा, होय, आणि तुमच्या वहिनी बिनसाखरेचा चहा घेतात, तो आधी द्या. महिनाभरात ते कंटाळले. उस्तादांनी नवी खाट घेतली आहे आणि ती ते मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ठेवतात.

गेल्या गुरुवारी मी त्यांच्याबरोबर भिवंडीला गेले. सकाळी सातला निघालो. श्रुतिका चालवत होती, उशी पाठीशी. मी मधे, नितेश खिडकीशी. घोडबंदर रोड लागेपर्यंत त्याने आम्हाला गेटवरचे तीन किस्से, चाळीतल्या टाकीबद्दलचं मत आणि मालवणच्या मामाच्या बैलाची हकीकत सांगितली. पुढे तो गाऊ लागला. सूर बरा होता. शब्द चुकत होते.

गोदामाशी माल उतरत होता तेव्हा तिने डबा उघडला. चपाती, वाल, लसणाची चटणी. दोघं एकाच डब्यात जेवत होती. मला वेगळं ताट दिलं होतं. मी विचारलं, इंदूरची गाडी हुकल्याचं वाईट वाटतं का.

तिने घास संपवला.

"रतनभाई भेटले परवा. त्या गाडीवर एक चालवतो तेव्हा दुसरा मागे झोपतो. जागे झाले की बदलतात." ती नितेशकडे बघून हसली. "आम्ही तेच करणार होतो. कोणाच्या डोक्यातच आलं नाही."

 चार महिने मी हे सगळं बघत होते. माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

"जानेवारीची तारीख आहे ना पण," मी म्हटलं.

"देईल की. पास पण होईल," ती म्हणाली. "मग एक दिवस तो चालवेल, एक दिवस मी."

नितेशने डब्यातली शेवटची चटणी बोटाने पुसून घेतली आणि मामाच्या बैलाचं पुढे काय झालं ते सांगायला सुरुवात केली. श्रुतिकाने माझ्याकडे वाकून हळूच सांगितलं, "हा इतका बोलतो हे मला माहीतच नव्हतं गं."

मग तिने त्याला विचारलं, मग बैलाने काय केलं.