खाडीवरच्या पुलाचा उंचवटा

एका मंगळवारी माझी बायको गेली. ती ऑफिसात होती, मी रॅफल्स प्लेसला बँकेत होतो. फोन आला. मी हॉस्पिटलला पोहोचलो तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं. मग मी लेकीला शाळेतून आणायला गेलो.

बायको पुलांची इंजिनिअर होती. शेवटची दोनेक वर्षं एकाच पुलात गुंतलेली होती. इथल्या बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, खाडी समुद्राला मिळते तिथे, पायी जाणाऱ्यांसाठी जुना लाकडी पूल होता. त्याचे खांब किडले होते. तो पाडून नवा बांधायचा, पण रूप जुनंच ठेवायचं, असं ठरलं होतं. "रूप म्हणजे नक्की काय, यावरच रोज भांडणं," असं ती जेवताना सांगायची आणि भांडण जिंकलेलं असलं तर भात पुन्हा वाढून घ्यायची.

दिवसकार्य झालं, पुण्याहून आलेली माणसं परत गेली. त्यानंतरच्या शनिवारी तिचे साहेब सेरंगूनला आमच्या फ्लॅटवर आले. साठीचे चिनी गृहस्थ. मी चहा ठेवला. ते बराच वेळ पिशवीतली संत्री टेबलावर मांडत राहिले, मग त्यांनी बरोबर आणलेलं ड्रॉइंग उलगडलं.

खालून होड्या जाव्यात म्हणून तो पूल एका ठिकाणी वर उचललेला होता. मूळ नकाशे कुणाकडेच उरले नव्हते, म्हणून तिनं जुन्या पुलाची मापं घेऊन नवं ड्रॉइंग केलं होतं. त्यात हा उंचवटा मधोमध नव्हता, पलीकडच्या काठाकडे सरकलेला होता.

"ऑफिसात सगळे म्हणतात, जुना पूल एका बाजूनं खचलाय," साहेब म्हणाले. "तिनं ते खचणंच मापून घेतलं, म्हणतात. आता उंचवटा मधोमध आणायचं चाललंय. मला नाही वाटत तिचं चुकलं असेल. पण ती नाही, तर तिच्या बाजूनं बोलणार कोण? तुम्हाला काही म्हणाली होती?"

मी हिशेबाचा माणूस. दोन्ही बाजू सारख्या दिसल्या की मला बरं वाटतं. ड्रॉइंग बघून मलाही मधोमधच बरोबर वाटलं असतं. मी खूप आठवून पाहिलं. एवढंच आठवलं, की ती तिकडे जायची ती ओहोटीची वेळ बघून.

"ओहोटी कशाला?" साहेबांनी विचारलं. "पूल तर वर आहे."

"खांब नीट दिसत असतील," मी म्हणालो.

"बाबा, तुम्ही दोघं गेस करत बसणार का?" लेक सोफ्यावरून म्हणाली, इथल्या पोरांसारखा शेवटी 'ला' लावत. "जाऊन बघू या ला. अंकल, कार आहे ना तुमची?"

"ही अगदी आईसारखी ऑर्डर सोडते," साहेब म्हणाले. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसलं.

दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी आम्ही तिघं पुलावर उभे होतो. खाली सगळा चिखल उघडा पडला होता. त्यावर बगळे हिंडत होते. एवढी रुंद खाडी, पण पाणी उरलं होतं ते एका पट्ट्यात, पलीकडच्या काठाजवळ. बरोबर उंचवट्याखाली. आम्ही बघत असतानाच मोटारीची एक लहान होडी तिथूनच बाहेर समुद्राकडे गेली.

साहेब काठावरून खाली चिखलात उतरले. खांबांवरच्या आडव्या तुळया त्यांनी एकेक करून पाहिल्या. पूल खचला असता तर त्या कलल्या असत्या. सगळ्या सपाट होत्या.

"ज्यानं बांधला त्यानं पाणी बघून बांधला," ते परत वर येऊन म्हणाले. "तिनंही पाणी बघितलं. आम्ही एसीत बसून कागद बघतोय."

"सांगा त्यांना तसं," लेक म्हणाली.

"सांगतो ना. शूजवरचा चिखल तसाच ठेवून मीटिंगला जातो."

मी कठड्याला धरून उभा होतो. ती गेल्यापासून पहिल्यांदाच पुढे काय होणार याची मला उत्सुकता वाटत होती.

साहेबांनी सांगितलं आणि ते ऐकलं गेलं. नवे खांब काँक्रीटचे झाले, चालायच्या भागाखाली पोलाद आलं, वर मात्र जुन्यासारख्याच फळ्या बसवल्या. कठडा नियमाप्रमाणे उंच करावा लागला. बायकोला तो बुटका हवा होता, कोपरं टेकून उभं राहता यावं म्हणून. त्या भांडणात ती हरली असती आणि दोन दिवस घरात धुसफुसत राहिली असती.

पूल खुला झाला त्या सकाळी आम्ही चालत पलीकडे गेलो. लेक उंचवट्यावर थांबली आणि पुढेमागे बघून म्हणाली, "वाकडा दिसतो थोडा. पण बरोबर आहे."

आता तिथे नवा पूल आहे. त्याचा उंचवटा पलीकडच्या काठाजवळ आहे आणि ओहोटीतही होड्या त्याखालून जातात.