रकान्यातला 'हो'

"माधव गेला," एवढंच बाबा फोनवर म्हणाले आणि त्यांना पुढे बोलता येईना. सहा आठवडे झाले. डेंग्यूचं निमित्त. मी झाशीला रेल्वेच्या कचेरीत होतो, आणि खरं सांगतो, दुःखाच्या आधी मनात आलं ते असं, की माझ्यासाठी बाबांचा आवाज असा अडला असता का...

माधव माझा चुलतभाऊ. काका-काकू लवकर गेले, म्हणून काशीत दुर्गाघाटावरच्या आमच्या घरी वाढला. माझ्याहून दोन वर्षांनी लहान आणि सगळ्यात पुढे. सोळाव्या वर्षी पतंगाच्या भांडणात त्याने एका मुलाचं डोकं फोडलं. केस झाली, तीन महिने बालसुधारगृहात गेले. मला वाईट वाटलं, पण थोडं बरंही वाटलं. आता तरी बरोबरी होईल.

कसली बरोबरी! पुढे दोघांनी रेल्वेची परीक्षा दिली, तर नंबर त्याचाच वरचा. नेमणुकीच्या फॉर्मात एक रकाना होता, कधी अटक झाली होती का? मी कोर्टाकडे चाललो होतो, म्हणून त्याने मलाच त्याच्या केसच्या वकिलांना विचारून यायला सांगितलं. वकील म्हणाले, "नाबालिग का मामला था, ख़त्म हो गया. 'नहीं' लिखे, उसमें कोई झूठ नहीं. उससे कह देना." मी घरी येऊन सांगितलं, वकील भेटले नाहीत. फॉर्म दुसऱ्याच दिवशी द्यायचा होता. बाबा वैदिक, संकल्पात यजमानाचं गोत्र चुकलं तर पुन्हा पाणी सोडायला लावणारे. ते म्हणाले, "जे घडलं ते लिही." माधवने 'हो' लिहिलं. मला नोकरी लागली, त्याला नाही.

मग त्याचा पासपोर्ट अडला, दोन सोयरिकी मोडल्या, सण आला की पोलीस दारात. आणि तरी जळत होतो मीच. बाबांनी त्याला हाताशी धरून वेदांची संथा दिली. दशाश्वमेधावर महाराष्ट्रातले यजमान त्याचंच नाव विचारू लागले. मी सुट्टीवर आलो की आई म्हणे, "हळू बोल, माधव पाठ करतोय." त्याचं आयुष्य अडलं होतं, पण माझे आईबाप पुरते त्याचे झाले होते.

तेराव्याला गल्लीतली एक बाई आली. बाबांसमोरच मला हात जोडून म्हणाली, "हमरे लइका क नौकरी लग गयल, भइया. ओकरो पर नाबालिग वाला केस रहल. माधव भइया कहलन, फारम में 'नहीं' लिखवावा. ई बात हमार दादा वकील से पूछ के आयल रहलन."

माधव मला दादा म्हणे. म्हणजे वकील मला भेटले होते, हे त्याला कळलं होतं. कधी, कुणाकडून, कुणास ठाऊक... मला एका शब्दाने बोलला नाही, उलट श्रेय देऊन गेला. त्याच्या या मोठेपणाचाही मला हेवा वाटला.

बाई गेल्यावर बाबांनी विचारलं, "वकील भेटले होते? मग त्याला का नाही सांगितलंस?"

"त्याचा नंबर वरचा होता," मी म्हणालो.

बाबा उठून आत गेले. माधवच्या खोलीत खिडकीपाशी पाट आहे, त्यावर बसून तो गल्लीतल्या मुलांचे फॉर्म भरून देई. हल्ली बाबा दिवसभर तिथे बसतात. जेवायला हाक मारली की येतात. माझ्या हातचं पाणी मात्र घेत नाहीत.