भिंतीकडे तोंड

आयर्लंडला लेकीकडे गेले होते, तेव्हा एका सकाळी तिनं मला तिथला एक फार गाजलेला अल्बम ऐकवला. जुनी, दुःखाची लोकगीतं, पण एका पंक बँडनं गायलेली. बासरी, अकॉर्डियन आणि त्यावर एका माणसाचा नुसता आरडाओरडा.

"हा गातोय की भांडतोय गं?"

"आई, तुला ना सगळ्याचाच संशय!"

आहेच. एवढं दुःख असं खिडक्या हादरवत कोण सांगतं? मला ते सोंग वाटलं.

संध्याकाळी ती मला गावातल्या पबमध्ये घेऊन गेली. कोपऱ्यातला एक म्हातारा गाऊ लागला आणि सगळी बडबड थांबली. साथीला काहीच नव्हतं. शब्द नीट कळेनात, पण चाल सकाळच्याच एका गाण्याची होती, फक्त संथ. हे आमच्यासारख्या पाहुण्यांसाठी तर चाललेलं नाही ना, म्हणून मी त्याच्यावर डोळा ठेवून होते. तेवढ्यात तो वळला आणि भिंतीकडे तोंड करून गाऊ लागला. शेजारच्यानं त्याचा हात हातात घेतला आणि जात्याचा खुंटा फिरवावा तसा हळूहळू फिरवत राहिला.

"इथली जुनी रीत आहे," लेक कुजबुजली. "असलं गाताना चेहरा दाखवायला नको वाटतं काहींना."

आता पुण्यात तो अल्बम मीच लावते. संशय गेलेला नाही, फक्त बदललाय. त्या ओरडणाऱ्याला तोंड फिरवायला भिंतच मिळाली नसावी.