वरच्या उजव्या कोपऱ्यातला डाग

हे मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही, आणि तिच्यापासून काही लपवणं म्हणजे काय, ते मलाच ठाऊक. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही काकांना ओळखत नाही. बघा, सुरुवातच भित्रेपणाने झाली.

काका माझे सख्खे नव्हेत. द्वारका चौकाजवळ त्यांचा फोटो स्टुडिओ आहे, मी तिथे बारा वर्षं कामाला आहे. मूळचे कळवणचे, फिल्मचे रोल धुण्याच्या काळापासून लग्नांचे फोटो काढत आलेले. कॉम्प्युटर मात्र माझ्याकडे. म्हणजे कॅमेऱ्याच्या आत काय चालतं ते मी सांगायचं आणि त्यांनी मानायचं, अशी आमची वाटणी. त्यांचा नियम एकच होता — उघड्यावर लेन्स बदलायची नाही, आत धूळ जाते. गाडीत बसायचं, काचा वर करायच्या, मग बदलायची.

चार वर्षांपूर्वी झेंडूच्या एका मळ्यात हळद होती. हळद आता पाटावर बसून लावायची गोष्ट राहिलेली नाही. नवरी जीपच्या टपावरून आली, मागून पिवळा धूर सोडलेला, आणि एका मामांच्या हातात रंगाची पावडर उडवणारं नळकांडं. थाट राज्याभिषेकाचा, फक्त राज्य तेवढं नव्हतं. गाडी लांब होती, ऊन होतं. मी त्या धुरातच, काकांच्या नकळत, त्यांच्या कॅमेऱ्याची लेन्स बदलली. आतल्या सेन्सरवर, म्हणजे फोटो उमटतो त्या काचेवर, एक कण बसलेला दिसला. आणि मी काय केलं? तोंडाने फुंकर मारली, चुलीला मारतात तशी. कण उडाला नाही. चिकटला.

असा कण प्रत्येक फोटोत त्याच जागी येतो. मागे मांडव, माणसं, माळा असं काही असलं तर त्यात हरवून जातो. पण मागचं सगळं धूसर केलं — नवरीचा चेहरा तेवढा स्पष्ट आणि मागे नुसता मऊ पिवळा रंग — की तो उमटतो. ठळक नाही. करडा, गोल, कडा विरलेला. इतका पुसट, की ‘दिसत नाही’ म्हटलं तर खपून जातं.

दुसऱ्या दिवशी काका फोटो निवडायला बसले. मध्येच थांबले. चष्मा पुसला, मग स्क्रीन पुसली. मग मला हाक मारली.

“वर उजव्या कोपऱ्यात काही दिसतंय का रे तुला?”

त्यांचे थोरले भाऊ काचबिंदूने आंधळे झाले होते. कळवणच्या घरात भिंतीला हात लावत चालायचे. काका मरणाबद्दल खुशाल थट्टा करत. त्या भिंतीबद्दल कधीच नाही. हे मला माहीत होतं. विचारताना त्यांचा आवाज कसा झाला होता, तेही मी ऐकलं होतं.

“नाही,” मी म्हणालो.

का म्हणालो? नियम मोडल्याचं कळू नये म्हणून? तसं म्हणता येईल. पण ते फार तर आठवडाभर टोमणे मारत राहिले असते. शिवाय पहिल्या दिवसाची भीती दुसऱ्या दिवशी पुरत नाही — आणि मी दुसऱ्या दिवशीही नाही म्हणालो. पुढचे सहा महिने म्हणत राहिलो. सेन्सर साफ करायला दहा मिनिटं लागतात. मी तो साफ केला नाही. केला असता तर नव्या फोटोंतून डाग गेला असता, आणि तो फोटोतच होता हे त्यांना कळलं असतं. गिऱ्हाइकाला फोटो देण्याआधी मी एकेक डाग पुसून टाकायचो. काकांना मात्र तो रोज बघू द्यायचो.

एकदा काकू डबा घेऊन आल्या आणि सहज बोलून गेल्या, “फोटोतच बरा दिसतो तुम्हाला डाग. काल भाजीत केस होता, तो नाही दिसला.” काका हसले. मीही हसलो. भिंतीकडे बघून बघा की एकदा, असं त्या म्हणाल्या, आणि काका खुर्ची वळवायला लागले.

“स्क्रीनला मागून उजेड असतो, काकू,” मी म्हणालो, “म्हणून तिथे दिसतो. भिंतीवर नाही दिसायचा.”

किती सफाईने आलं ते! काकांनी खुर्ची पुन्हा सरळ केली.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मोतीबिंदूची सुरुवात आहे, बाकी काही नाही. काकांना ते पटलं नाही. भावालाही आधी असंच सांगितलं होतं म्हणे. एका सकाळी त्यांनी कॅमेऱ्याचा पट्टा स्वतःच्या हाताने माझ्या गळ्यात घातला. “आता तू काढ,” एवढंच म्हणाले. त्याच दुपारी मी सेन्सर साफ केला. दहा मिनिटं लागली. तेव्हापासून ते काउंटरवर बसून पासपोर्टचे फोटो कापतात, स्क्रीनकडे बघत नाहीत. आणि मांडवात सगळ्यांच्या पुढे उभं राहणं मला आवडलं — हेही सांगायला हवं. खूप आवडलं.

फक्त काकांनी डोळे चोळले की मी दुसरीकडे बघायचो. अजून बघतो.

गेल्या महिन्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सोमवारी दुकानात आले, काळा चष्मा काढला आणि म्हणाले, “ती झेंडूवाली हळद काढ रे. बघू, गेला का तो डाग.” मूळ फोटो डिस्कवर होते. न पुसलेले. डिस्क बिघडलीय म्हणता आलं असतं, पण ते माझ्या मागेच उभे होते, खुर्चीला धरून. मी उघडले. पुढचा, पुढचा, पुढचा. मग वाकून माऊस माझ्या हातातून घेतला, फोटो मोठा केला आणि हळूहळू डावीकडे सरकवला. नवरी सरकली, झेंडू सरकले.

“हा तिच्याबरोबर सरकतोय,” काका म्हणाले.

स्क्रीनकडे नाही, माझ्याकडे बघून.

“चहा सांगू का?” मी म्हणालो.

त्यांनी माऊस सोडला. “सांग,” म्हणाले.

मी उठून बाहेर गेलो. दोन चहा सांगितले, एक बिनसाखरेचा. दारातून आत बघितलं, तर ते माझ्या खुर्चीत बसले होते आणि फोटो अजून उघडा होता. डाग वर उजवीकडे. मला तो दारातूनही दिसत होता. पहिल्या दिवसापासून दिसत होता.